‘मला कुणी काही सांगितलंच नाही’

“मॅडम, बाकीच्या मुली काही अडलं की घरी फोन करतात. मी कुणाला करू? लहानपणापासून माझं मीच केलं, तरी वाटतं आपल्याला काहीच नीट येत नाही.” हे म्हणणारी बरीच मुलं-मुली माझ्याकडे येतात. त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती बीड जिल्ह्यातली. आई-वडील ऊसतोडीला. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास घर सोडायचे ते मार्च-एप्रिलातच परतायचे. आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं. चौथीपासून चूल, रेशन, धाकट्या भावाची शाळा हिच्याच अंगावर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात एकटीच रांगेत उभी राहायची. गाव म्हणायचं, ‘पोरगी लवकर शहाणी झाली.’ या कौतुकाचा मला राग येतो. एकदा शहाणी ठरवलं की ‘मला जमत नाही’ म्हणायची सोयच उरत नाही.

आता ती पुण्यात नोकरीला आहे. एकदा तिनं पगाराची स्लिप माझ्यापुढे ठेवली. ठरलेल्या पगारापेक्षा हातात कमी येत होते आणि कित्येक महिने तिनं कुणाला विचारलं नव्हतं. “सुरुवातीला दोनदा उशीर झाला होता, त्याचे कापत असतील.” कपात होती पीएफची. मूळ पगाराच्या 12 टक्के, आणि तेवढेच पैसे कंपनीही भरत होती.

उशीरच का आठवला? ऊसतोडीत खाडा झाला की पैसे कापले जातात. त्यावर वाद घातला तर पुढच्या वर्षीची उचल अडायची भीती. म्हणजे घरानं तिला काहीच शिकवलं नव्हतं असं नाही. गप्प बसायला शिकवलं होतं. त्या घराला तेवढंच परवडत होतं. हे बोलताना ती खूप रडली, आईवर चिडलीही. मी थांबवलं नाही. परिस्थिती समजते म्हणून राग येऊ नये, असं थोडंच आहे?

मग आम्ही ठरवलं, आठवड्यात एका माणसाला एक प्रश्न विचारायचा. पहिला एचआरला: हे पैसे मला कधी काढता येतात? तिनं तो कागदावर लिहून नेला होता. त्या बाईंनी शेजारी बसवून मोबाईलवर पासबुक कसं बघायचं ते दाखवलं. पुढचा घरमालकिणीला, डिपॉझिटच्या पावतीचा.

नोकरी बदलायचा विचार सुरू झाला तेव्हा मी सुचवलं, आईलाही विचारून बघ. “तिला यातलं काय कळणार?” असं म्हणत तिनं फोन केला आणि विचारलं, मुकादम बदलताना तू काय बघतेस? आई बराच वेळ बोलली. हिशोबाची वही कोण दाखवतो, आजारी पडल्यावर कोण दवाखान्यात नेतो, जुनी माणसं त्याला सोडून का गेली.

सध्या तिच्या मुलाखती चालू आहेत. तिथं विचारायच्या प्रश्नांत आईचे हे तिन्ही प्रश्न आहेत.