साडेसात महिने पाण्यात गेले का?

"साडेसात महिने दारू सोडली होती मॅडम, परवा परत प्याले. म्हणजे सगळं पाण्यातच गेलं ना?"

व्यसनमुक्तीच्या फॉलोअपला बसलं की हा प्रश्न येतोच. फक्त महिन्यांचा आकडा बदलतो. विचारणारी बहुधा बायको किंवा आई असते. तोवर घरात रडारड, शपथा, मुलांच्या डोक्यावर हात ठेवणं, सगळं होऊन गेलेलं असतं.

हे जोडपं चाकणचं. तो कारखान्यात ऑपरेटर. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) खाली मान घालून तो एकच वाक्य घोळवत होता, "अचानक झालं मॅडम. पार्टी होती, कुणीतरी ग्लास हातात दिला."

बायकोने पिशवीतून डायसल्फिरामची, म्हणजे दारूपासून लांब ठेवणाऱ्या गोळीची, पट्टी काढून टेबलावर ठेवली. दहा गोळ्यांची. मागे बॉलपेनने तारीख घातलेली, २ ऑगस्ट. सहा गोळ्या शिल्लक. रात्रपाळी लागल्यावर "मी कंपनीतच घेतो" म्हणून त्याने पट्टी डब्याच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली होती.

ही गोळी चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. केंद्रात असताना हे त्याने इतरांना समजावून सांगितलं होतं.

"शेवटची गोळी ५ तारखेची. प्यायलात २२ ला. मध्ये सतरा दिवस. हे अचानक कसं?"

त्याने पट्टी हातात घेतली, उलटी केली, रिकाम्या खळग्यांवरून अंगठा फिरवला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पार्टीचं ५ तारखेलाच कळलं होतं. प्यायचं ठरवलं नव्हतं मॅडम. पण वाट मोकळी करून ठेवली होती."

या वाक्यासाठी चार बैठका लागल्या असत्या तरी मला चाललं असतं. घसरण पहिल्या घोटाने सुरू होते असं घरचे धरून चालतात, आणि पिणाराही. माझ्या मते घोट हा तिचा शेवटचा टप्पा. म्हणून "का प्यायलात?" हे मी विचारतच नाही. त्याला उत्तर म्हणून फक्त सबबी मिळतात. मी मागचे तीन आठवडे उलटे मोजायला लावते.

त्याचे निघाले ते असे. रात्रपाळीमुळे दारू सोडणाऱ्यांची गुरुवारची मीटिंग दोनदा बुडली. सकाळी आठला घरी येऊन न खाताच झोपायचं, दुपारी पोरांच्या आवाजाने चिडून उठायचं. येताना नेहमीचा रस्ता सोडून जुन्या बारच्या गल्लीतून गाडी, कारण काय तर तिथे भाजी ताजी मिळते! भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टी ओढ वाढवतात. त्याच्याकडे चारही होत्या आणि त्याने एकही कुणाला सांगितली नव्हती.

मग कामाचं बोललो. पाळी सुटल्यावर आधी पोळीभाजी, मग झोप. भाजी बायको आणणार. रात्रपाळीच्या आठवड्यात गुरुवारऐवजी रविवारची मीटिंग. पार्टीला जायचंच झालं तर सोबत न पिणारा माणूस, आणि जेवण वाढलं की तासाभरात बाहेर. ओढ आली की तिच्याशी वाद घालत बसायचं नाही. ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढ्यात काहीतरी खायचं, जागा सोडायची आणि फोन करायचा. तीन नंबर पाकिटात कागदावर लिहिलेले हवेत, कारण त्या क्षणी मोबाइलमध्ये नाव शोधताना भलतंच नाव दिसतं.

फोनला कमी लेखू नका. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन गावी, धंद्याचं काम फसलेला आणि जेमतेम पाच महिने कोरडा राहिलेला बिल डब्ल्यू. हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने आणखी एखादा दारुडा भेटतो का म्हणून फोन फिरवले. त्यातून डॉक्टर बॉब भेटला, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना उभी राहिली.

बायकोने हळूच विचारलं, "गोळी यांच्या चहात घालून देऊ का?" अजिबात नाही. नकळत दिली आणि तो प्यायला, तर जिवावर बेतेल. समोर बसून, त्याला सांगून, रोज ठरल्या वेळी द्यायची. तीही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास जाऊ द्यावे लागतात.

हा एकाच रात्री प्यायला होता, म्हणून एवढ्यावर भागलं. आठवडाभर रोज पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, थरथर, भ्रम. त्याला थेट दवाखान्यातच न्या.

उठताना ती म्हणाली, "मग आता दिवस कुठून मोजायचे?" मीटिंगमध्ये २३ ऑगस्टपासून, एक. साडेसात महिन्यांत नाही म्हणायला शिकलेला माणूस मात्र तोच आहे, त्याला पुसून टाकू नका, एवढं मी म्हटलं. त्या रविवारी मीटिंगमध्ये त्याने उभं राहून आठ दिवस सांगितले, आणि गोळीचे सतरा दिवसही.