वजन कमी करायला जठर कापून लहान करतात त्या स्लीव्ह ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी भावाचा सीआरपी वाढलाय, लीक झालं असेल का?

नाही, एकट्या सीआरपीवरून (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) लीक, म्हणजे जठराच्या शिवलेल्या जागेतून गळती, झालंच असं म्हणता येत नाही, उलट आकडा कमी असला तर बहुतेक धोका नाही, हे जास्त भरवशानं सांगता येतं. मी लातूरला सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे, रोज हेच रिपोर्ट फाईलला लावते म्हणून सांगायलेय. पोट कापलं-शिवलं की लिव्हर सीआरपी बनवतंच, दोन-तीन दिवस तो चढतो आणि मग उतरायला लागतो, त्यात जास्त वजनाच्या माणसाचा तो आधीपासूनच थोडा वाढलेला असतो, म्हणून ऑपरेशनच्या आधीचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. आणि युनिट बघा, एक लॅब लिटरला देते दुसरी डेसिलिटरला, आकडा सरळ दहापट वेगळा दिसतो अन् नातेवाईक उगाच घाबरतात. तिसऱ्या दिवसानंतरही चढतच राहिला तर मात्र डॉक्टर सीटी सांगतील, तेव्हा खर्चाकडं बघून नको म्हणू नका. पांढऱ्या पेशी बऱ्याच कारणांनी वाढतात, म्हणून नुसत्या त्यावरूनही लीक ठरवता येत नाही. हिमोग्लोबिन घसरायलं तर आतून रक्त चाललंय का ते बघावं लागतं.

फक्त एक, रिपोर्ट चांगला आला तरी नाडीवरचं लक्ष काढू नका. पडल्या पडल्या नाडी 120 च्या वर, ताप, दम, डावा खांदा दुखणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. स्लीव्हचं लीक घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनीही होऊ शकतं, तिसऱ्या दिवशीचा सीआरपी त्याची गॅरंटी देत नाही.