मॉरिशसला निघण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. मॉरिशसमधल्या मराठी घरांमध्ये जाऊन जुन्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, हे उत्तम ठरवलंस. एक गोष्ट मात्र खटकली. ‘तेथील भारतीय समाज’ असं तू पानोपानी लिहिलं आहेस. असा एकसंध समाज तुला तिथे भेटणार नाही. तो शोधत बसलीस, तर समोर जी माणसं असतील ती दिसायची राहतील.

ही माणसं आली कशी, तिथपासून बघ. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांची एक तुकडी पोर्ट लुईला उतरली. पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बिहारकडची कलकत्त्याहून, तमिळ आणि तेलुगू मद्रासहून, रत्नागिरी-सावंतवाडीकडची आपली मुंबईहून. पण तमिळ कारागीर त्याच्याही शंभर वर्षं आधी, फ्रेंचांच्या काळात तिथे पोचले होते. गुजरातचे मुसलमान व्यापारी तर मजूर म्हणून आलेच नाहीत, ते भांडवल घेऊन आले.

आधी कोण आलं, याला तिथे फार वजन आहे. १९९८ मध्ये नव्या नोटा निघाल्या. नोटेवरच्या मजकुरात तमिळ आधी आणि हिंदी नंतर, हा जुना क्रम. नव्या नोटेवर तो उलटला. तमिळ लोकांनी एवढा आवाज उठवला की बँकेला त्या नोटा मागे घेऊन नव्याने छापाव्या लागल्या. एका ओळीच्या जागेवरून एवढं रामायण, असं मनात आलं तर ते तिथेच आवर. ज्यांच्या पणजोबांची सगळी ओळख सरकारी वहीतल्या एका नोंदीपुरती उरली, त्यांना क्रम लागतो, आणि तो लागणं रास्त आहे.

आता तुझ्या तक्त्याविषयी. त्यात तू हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन असे रकाने पाडलेस. तिथल्या राज्यघटनेतही हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे चारच गट आहेत. त्या हिशेबाने मराठी माणूस हिंदू. पण रोजच्या व्यवहारात हिंदी-भोजपुरी परंपरेची माणसं हिंदू म्हणून ओळखली जातात, आणि तमिळ, तेलुगू, मराठी हे आपापले वेगळे समाज म्हणून उभे असतात. त्यांच्या संस्था वेगळ्या, सांस्कृतिक केंद्रं वेगळी, सरकारी सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. महाशिवरात्रीला पांढऱ्या कपड्यांतले लोक आरसे-फुलांनी सजवलेल्या कावडी घेऊन गंगा तलावाकडे चालत जातात. तमिळांची कावडी निराळी. ते जिभेत-गालात सुया टोचून, दुधाचा लोटा घेऊन मुरुगनच्या देवळाकडे निघतात. तेलुगूंची सुट्टी उगादीची, मराठी लोकांची गणेश चतुर्थीची. म्हणून तुझ्या तक्त्यात धर्माइतकाच मोठा रकाना पूर्वजांच्या भाषेचा हवा.

पूर्वजांच्या म्हणाले, कारण घरात बोलली जाते ती क्रिओल, फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा. यासाठी मन तयार ठेव. मराठी शाळेत शिकतात, आरतीत म्हणतात, भजनात गातात. जेवताना, भांडताना, लेकराला झोपवताना मात्र क्रिओलच येते. हिरमुसू नकोस, आणि कृपा करून कुणाचं मराठी सुधारायला जाऊ नकोस. तुझं पुण्याचं मराठी त्यांच्या पूर्वजांचंही नव्हतं. त्यांनी कोकणातलं जाखडी नृत्य झाकरी म्हणून दीडशे वर्षं जपलं. ते बघताना वही मिटून ठेव आणि नुसती ऐक. निघण्याआधी क्रिओलचे धडे सुरू कर. दुभाषा घेऊन म्हाताऱ्या बाईकडून तिच्या लग्नाची गोष्ट मिळत नाही.

भोजपुरीची कथा आणखी चटका लावणारी आहे. तिथल्या बऱ्याच मुसलमानांचे पूर्वज हिंदूंसारखेच बिहारमधून आले. भोजपुरी ही दोघांच्याही घरची भाषा होती. पुढे शाळेत एकांनी हिंदी घेतली, दुसऱ्यांनी उर्दू, आणि सामाईक भाषा मधल्यामध्ये राहिली. घरी भोजपुरी बोलणारे २००० च्या जनगणनेत बारा टक्के होते, २०११ मध्ये पाचच्या आसपास. २०१६ मध्ये युनेस्कोने तिथल्या भोजपुरी गीत-गवईला, म्हणजे लग्नघरी बायका गातात त्या गाण्यांना, अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, याचा आनंद आहेच. पण गाणी यादीत जाणं आणि भाषा चुलीपाशी असणं यातलं अंतर मला अस्वस्थ करतं. मराठी घरांच्या मागे हा सगळा आवाज चालू असतो. तो तुझ्या प्रबंधात यायला हवा.

कॅथलिक झालेल्या तमिळ घरांनाही वगळू नकोस. कागदावर ती ‘सर्वसाधारण’मध्ये जातात आणि भारतीय वंशाच्या अभ्यासातून बहुतेक वेळा गळतात. सप्टेंबरात तिथे असशील तर सेंट क्रॉईला फादर लावाल या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंच्या समाधीवर जा. ९ सप्टेंबर ही त्यांची पुण्यतिथी. तिथल्या रांगेत हिंदू आणि मुसलमानही उभे असतात. रकाने पाडायची घाई झालेल्या संशोधकाने ती रांग बघावीच.

शेवटी मोकाच्या महात्मा गांधी संस्थेतल्या दफ्तराबद्दल. मजुरांच्या नोंदवह्या तिथे आहेत: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा, जहाज. कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, आणि बापाचं साधं नाव पुढे कित्येक घरांचं आडनाव होऊन बसलं. आपल्याकडची आडनावं शोधत गेलीस तर माग लागणार नाही. क्रमांकावरून आणि जहाजावरून शोध. नोंद सापडली की पळत त्या घरी जाऊ नकोस. जातीचा रकाना त्यात असतो, आणि घरच्यांना तो ठाऊक असेलच असं नाही. नोंदीतलं काय ऐकायला आवडेल, हे आधी त्यांना विचार. नाही म्हणाले तर ती ओळ प्रबंधातही घालायची नाही.

सुधारलेला तक्ता आणि प्रश्नांची यादी पाठव. संस्थेच्या परवानगीचा अर्जही आत्ताच टाक, तिकीट त्यानंतर काढ.

तुझी,
बाई