शिबिरातल्या मुलांना जुने डिस्नेपट दाखवताना वंशभेदी प्रसंग कापावेत का?

कापू नका. चित्रपट निवडून घ्या, आणि जो घ्याल तो पूर्ण दाखवा. तुमची मुलं ८ ते १२ वयाची, कोल्हापुरातली, मराठी माध्यमाची आहेत, म्हणून त्यांच्याच हिशेबानं सांगतो.

कापण्यातली अडचण 'डम्बो'त (१९४१, ६४ मिनिटं) लगेच कळते. सगळे बोट ठेवतात ते कावळ्यांवर. त्यांचं बोलणं-चालणं म्हणजे कृष्णवर्णीयांची नक्कल. म्होरक्याचं नाव निर्मितीच्या वेळी 'जिम क्रो' होतं. अमेरिकेतल्या वंशभेदी कायद्यांना हेच नाव पडलं होतं. त्याचा आवाज मात्र क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या कलाकाराचा. पण डम्बोला ते 'जादूचं' पीस देणारे हेच कावळे! ते काढले तर हत्ती उडणार कसा? आणि त्यांच्यावर कात्री चालवून समाधान मानलं, की त्याहून वाईट प्रसंग नजरेतून निसटतो. भर पावसात, रात्री, सर्कशीचा तंबू उभारणारे मजूर. सगळे काळे, एकालाही धड चेहरा काढलेला नाही, आणि पगार हातात आला की आम्ही उधळून टाकतो, असं त्यांच्याच तोंडून गाऊन घेतलंय. इथं चित्रपट थांबवून एवढंच विचारा: 'यातल्या एकाचं तरी तोंड दिसलं का? रिंगमास्तरचं दिसलं?'

'पीटर पॅन' (१९५३) मी पहिल्या वर्षी घेणार नाही. मूळ अमेरिकी रहिवाशांच्या छावणीतलं अख्खं गाणं 'हे लाल कसे झाले' या थट्टेवर उभं आहे, आणि त्याला तोल देणारं पुढं काहीच येत नाही.

'अलादीन'बद्दल (१९९२) बोलताना लोक सुरुवातीच्या गाण्यावरच अडतात. चेहरा आवडला नाही तर कान कापतात, अशी त्यात ओळ होती. अरब-अमेरिकी संघटनेच्या आक्षेपानंतर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली. खरी मेख उच्चारांत आहे. अलादीन आणि जास्मिन अमेरिकी इंग्रजी बोलतात, बाजारातले विक्रेते आणि पहारेकरी अरबी ढंगाचं. हिंदी डबिंगमध्ये इंग्रजी उच्चारांचा हा फरक राहत नाही, चित्र तेवढं उरतं. म्हणून बाजाराचा ३-४ मिनिटांचा तुकडा इंग्रजीतच दाखवा: आधी आवाज बंद, मग चालू.

नुसतं ऐकून मुलांना फरक कळेलच असं नाही. त्यामुळं त्याआधी मराठी मालिकांचं विचारा. 'कुठं चाललाईस' म्हणणारं पात्र कोणाचं असतं? पैलवान, ड्रायव्हर, नाहीतर हसवणारा गडी. डॉक्टरीणबाई कधी तशा बोलतात? कोल्हापूरच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिथून 'अलादीन'च्या आग्राबा शहरातल्या बाजारात जाणं सोपं.

दुसरा प्रयोग मोजणीचा. फळ्यावर तीन रकाने: पात्र, किती वेळा बोललं, काय काम करतं. मुलांचे चार गट करून प्रत्येकाला २० मिनिटांचा भाग वाटून द्या. 'जंगल बुक' (१९६७, ७८ मिनिटं) यासाठी उत्तम. किपलिंगची गोष्ट आपल्या शेजारच्या शिवनीच्या जंगलातली, पण चित्रपटात वानरांचा राजा ओरांगउटान, जो भारतात सापडतच नाही! तोंड उघडणाऱ्या बायका दोनच: हत्तीण, आणि शेवटी पाणी भरायला येणारी मुलगी. तिच्या गाण्यात आई स्वयंपाकात आणि बाबा शिकारीला. नायिकाप्रधान चित्रपट घेतला म्हणून सुटका होत नाही. फॉट आणि आयझेनहावर या भाषाअभ्यासकांनी 'मुलान'मधले (१९९८) संवाद मोजले, तर ७७ टक्के पुरुषांचे निघाले.

फसतं कुठं? सुरुवातीच्या भाषणात. दहा मिनिटं वंशभेद समजावला की मुलं चित्रपट पाहत नाहीत, गुन्हेगार शोधत बसतात. डिस्नेनं २०२० मध्ये आपल्या ओटीटी सेवेवर अशा चित्रपटांआधी १२ सेकंदांची सूचना टाकली. तुमचंही निवेदन तेवढंच असू द्या, उरलेलं चित्रपटानंतर २५ मिनिटांत. आणि 'हे चूक आहे ना?' असं विचारू नका. 'होऽऽ' असा कोरस येतो आणि विषय तिथंच संपतो.

जागेचंही आधी ठरवा. प्रताधिकार कायदा १९५७, कलम ५२(१)(जे) प्रमाणे शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढाच प्रेक्षक असेल तर सवलत आहे. शाहू स्मारकसारखं सभागृह घेऊन सगळ्यांना दार उघडलंत तर हक्कधारकाची परवानगी लागेल. घरच्या ओटीटी वर्गणीत तो हक्क येत नाही, तिकीट लावा वा न लावा.