“बाळ झालं आणि माझं ध्यान सुटलं”

“मॅडम, बाळ झालं आणि माझं ध्यान सुटलं. देवापासून लांब गेल्यासारखं वाटतं. आणि खरं सांगू? कधीकधी बाळाचाच राग येतो.” ‘राग’ म्हणताना तिने मांडीवरच्या दीड महिन्याच्या लेकराचे कान हाताने झाकले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नऊ वर्षं रोज पहाटे चाळीस मिनिटं नेमाने बसणारी ही बाई. तान्हं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. त्यात सलग चाळीस मिनिटं आणायची कुठून? अशी रुखरुख घेऊन येणाऱ्या आया बऱ्याच असतात.

मी आधी अध्यात्माकडे वळलेच नाही. “आतून रिकामं वाटतं” हे साधकही म्हणतो आणि नैराश्यातली बाळंतीणही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांतलं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी हटेना, बाळ झोपलं तरी आईला झोप लागेना, तर तपासायलाच हवं. यासाठी एडिनबर्ग प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. दहाच प्रश्न, शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. तिथे तिने ‘कधीच नाही’वर खूण केली, बाकीच्या उत्तरांतही घोर लागावा असं काही निघालं नाही. निघालं असतं तर तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तिथे नुसत्या ध्यानावर भागत नाही.

मग मी चुकले. “बाळ हेच तुमचं ध्यान समजा,” असं बोलून गेले.

ती उसळलीच. “सगळे हेच म्हणतात. बाळ म्हणजे देव! मग रात्री तीनला मी ओरडले ते कुणावर?”

असला घाऊक दिलासा देऊ नका, असं मी शिकाऊ समुपदेशकांना बजावत असते. आता मलाच उत्तर सुचेना. गप्प बसले.

तेवढ्यात बाळ कुरकुरलं, तिने त्याला पाजायला घेतलं. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. छातीशी धरल्यावर आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर येतो. हे तिला सांगितलं, तशी ती खाली बघत राहिली.

“रात्री हे असंच टक लावून बघतं,” ती हळूच म्हणाली. “आणि मी बघत असते घड्याळाकडे. बसायची वेळ गेली म्हणून.”

त्यावर मी काही जोडलं नाही. फक्त दोन गोष्टी ठरवल्या: पाजायच्या जागेवरून दिसणारं घड्याळ काढायचं, आणि रात्री ढेकर काढून बाळाला झोपवायचं काम नवऱ्याने करायचं. दुसरी जास्त महत्त्वाची होती. झोपेचं खोबरं झालेल्या माणसाला देव तरी कसा सुचणार?

पुढच्या भेटीत तिने फोनवर टिपलेल्या ओळी दाखवल्या. “इतकी वर्षं स्वतःचा श्वास मोजला. काल ह्याचा मोजला, सतराला डोळा लागला.” “राग आला. थोड्या वेळाने गेला. बसायचे तेव्हाही विचार असेच यायचे-जायचे.” आणि एक, मला सर्वांत आवडलेली: “हा माझं बोट घट्ट धरतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, वाचलंय. तरी बोट सोडवून घ्यावंसं वाटत नाही.”

त्यानंतरची भेट तिनेच फोन करून पुढे ढकलली. बाळ झोपलं होतं, आणि तिलाही झोपायचं होतं.