क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये लीडर झालोय, पण निम्मे लोक वॉरमध्ये अटॅकच करत नाहीत. किक केलं की भांडणं होतात. क्लॅन कसा सांभाळायचा?

तुमच्या प्रश्नावरून कळतंय ते असं: या मोबाइल गेममधल्या तुमच्या क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, चाळीसेक जण आहेत, वॉरमध्ये (दुसऱ्या क्लॅनशी लढत, प्रत्येकाला दोन अटॅक) निम्मे अटॅक वाया जातात, आणि कुणाला काढलं की चॅटवर दोन दिवस तमाशा. वर एक मोठा क्लॅन 'मर्ज करा' म्हणून मागे लागलाय. मी कॉलेजपासून क्लॅन चालवतोय, अजूनही चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वॉर चालू असताना किक करणं बंद करा. माणूस गेला तरी त्याचा बेस, म्हणजे त्याचं गेममधलं गाव, वॉरच्या नकाशावर तसाच राहतो. समोरचे त्यावर आरामात तीन स्टार (एका बेसवर जास्तीत जास्त तेवढेच) घेतात, आणि त्याचे उरलेले अटॅक मात्र तो परत येईपर्यंत कुणालाच मारता येत नाहीत. म्हणजे राग आपला आणि तोटाही आपलाच. काढायचंच असेल तर वॉर संपल्यावर काढा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही वॉर किती वाजता लावता? हे प्रश्नात कुठेच नाही, आणि माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच आहे. तयारीचे २३ तास, मग लढाईचे २४. शुक्रवारी रात्री नऊला सर्च (समोरचा क्लॅन शोधायचं बटण) दाबलंत तर शनिवारी रात्री आठला लढाई सुरू होते आणि रविवारी रात्री आठला संपते. कॉलेजवाला, कंपनीत शिफ्ट करणारा, दुकानावर बसणारा, सगळ्यांना त्यात कुठेतरी अर्धा तास सापडतोच. तेच सर्च तुम्ही झोप येत नाही म्हणून मंगळवारी पहाटे दोनला दाबलंत, तर वॉर गुरुवारी पहाटे एकला संपणार. शेवटचे एक-दोन तास, जेव्हा खरी साफसफाई करायची असते, तेव्हा अख्खा क्लॅन एक तर पेंगुळलेला किंवा घोरत पडलेला. मग सकाळी उठून आपण मेल टाकतो, 'अटॅक न करणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे'.

दुसरं, चाळीस जण आहेत म्हणून चाळीसचं वॉर लावू नका. प्रोफाइलमध्ये वॉरसाठी हिरवं-लाल करायची सोय आहे, ती लोकांना वापरायला सांगा आणि लाल असलेल्याला खरंच घेऊ नका. लीडरला लालवालाही निवडता येतो, म्हणून आकडा भरायला आपण त्याला ओढतो आणि मग तोच अटॅक करत नाही. पंधरा जण हिरवे असतील तर पंधराचं लावा, दहा असतील तर दहाचं. एमपीएससीच्या तयारीत असलेला पोरगा परीक्षेच्या महिन्यात लाल करून नुसती ट्रूप्सची (सैन्याची) डोनेशन देत बसला, तर तो तुमच्या क्लॅनचा चांगलाच माणूस आहे. त्याला काढायचं काहीच कारण नाही.

तिसरं म्हणजे टार्गेट. लढाई सुरू झाली की पहिल्या दहा मिनिटांत काय होतं ते एकदा बारकाईने बघा. वॉरच्या नकाशावर ताकदीप्रमाणे नंबर लागलेले असतात. तुमचा दोन नंबरचा, टाउन हॉलने (बेसची मुख्य इमारत) मोठा, हिरो सगळे तगडे, तो खाली येऊन समोरच्या बारा नंबरवर तीन स्टार मारतो आणि चॅटवर आगीचे इमोजी टाकतो. तुमचा बारा नंबरवाला संध्याकाळी ऑनलाइन येतो, तर त्याच्या लायकीचा बेसच शिल्लक नाही. वरच्या बेसवर मारलं तर एक स्टार मुश्किलीने, त्यावर कुणीतरी 'नूब' म्हणणार. तो अटॅक न करताच गेम बंद करतो. तुमच्या हिशोबात तो 'इनॅक्टिव्ह', आणि दोन नंबरवाला हिरो. खरं तर अटॅक दोन नंबरवाल्याने खाल्लाय.

आमच्याकडचा नियम साधा आहे. पहिला अटॅक आपल्या नंबरवर किंवा त्याच्या एक-दोन वर-खाली, आणि यासाठी पहिले बारा तास राखीव. त्यानंतर मैदान खुलं, पण मारण्याआधी चॅटवर नंबर टाकायचा. वरच्या तीन-चार जणांनी दुसरा अटॅक शेवटपर्यंत हातात ठेवायचा, जिथे कुणाचा दोन स्टारवर अडकलाय तिथे वापरायला. एवढं जरी पाळलं गेलं तरी खालचे लोक अटॅक करायला लागतात. हे क्लॅनच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवा. तोंडी सांगितलेला नियम भांडणाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

सबबी येतीलच. रेंज नव्हती, लाइट गेली, गावी होतो, मोबाइल भावाकडे होता. पूर्वी 'दादा, ट्रूप्स बनत होते' ही सगळ्यात लोकप्रिय होती, पण मार्च २०२५ मध्ये ट्रेनिंगचा वेळच काढून टाकला, त्यामुळे ती बिचारी मेली. मी खरं-खोटं करत बसत नाही. आधी सांगितलं असेल तर माफ. न सांगता दोन्ही अटॅक गेले तर पुढच्या दोन वॉरला बाहेर, मग तो कितीही भारी प्लेअर असो. बाहेर बसवणं आणि किक करणं यात फार फरक आहे. बाहेर बसवलेला कुरकुरत का होईना परत येतो, किक केलेला मात्र जाताना दोन जण घेऊन जातो.

पण खरी भांडणं साध्या वॉरवरून होत नाहीत, सीडब्ल्यूएलवरून, म्हणजे क्लॅन वॉर लीगवरून होतात. तिथे बक्षीस म्हणून मेडल असतात ना! २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये लीग आली तेव्हापासून हेच बघतोय. आठ क्लॅन, सात दिवस, रोज प्रत्येकी एकच अटॅक. इथे बरेच लीडर एक हिशोब करत नाहीत. पंधराच्या लीगमध्ये सात दिवसांचे मिळून १०५ अटॅक होतात. एखाद्याचे लीगभरात आठ स्टार झाले की त्याला त्याचे पूर्ण मेडल मिळतात, पुढे कितीही मारले तरी त्याचे वाढत नाहीत. चांगला प्लेअर हे तीन अटॅकमध्ये करतो, बाकीच्यांना चार लागतात. प्रत्येकी चार धरले तरी सव्वीस जणांना पूर्ण मेडल देता येतात! लाइनअप रोज बदलता येते, तयारीचा दिवस संपायच्या आत. तरी लोक तेच पंधरा जण सातही दिवस उतरवतात आणि बाकीचे पंचवीस तोंड पाडून बसतात. चुरशीच्या दिवशी तगडे उतरवा, समोरचा क्लॅन कच्चा असेल त्या दिवशी बाकीच्यांना संधी द्या. एका कागदावर नावं आणि स्टार लिहीत गेलात की पुरे. आणि लीगचं सर्च ज्या वेळेला दाबाल त्याच वेळेला सातही दिवस वॉर बदलणार, म्हणून ते संध्याकाळीच दाबा.

बोनस मेडलचं वेगळं. ते लीडर आणि को-लीडरच्या हातात असतात. लीगच्या दर्जाप्रमाणे काही ठरलेले, आणि जिंकलेल्या प्रत्येक वॉरमागे एक. इथे 'सगळ्यात जास्त स्टार त्याला' हा नियम वरवर न्यायाचा वाटतो, पण दर महिन्याला तीच चार नावं येतात. आम्ही निम्मे बोनस स्टारवर देतो आणि निम्मे भिशीसारखे फिरवतो: ज्याने आपले सगळे अटॅक केले, त्याचा नंबर कधी ना कधी लागणारच. यादी क्लॅनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली असते. तेव्हापासून 'लीडरने मित्राला दिलं' ही बोंब बंद झाली.

को-लीडर मात्र जपून करा. को-लीडरला एल्डर (त्याच्या खालचं पद) आणि मेंबर कुणालाही काढता येतं, वॉरही लावता येतं. रागाच्या भरात एका माणसाने दहा मिनिटांत क्लॅन रिकामा केल्याच्या कहाण्या तुम्हीही ऐकल्या असतील. 'दादा, को दे ना' म्हणून मागणाऱ्याला तर कधीच देऊ नका. दोन-तीन पुरेत, शक्यतो वेगवेगळ्या वेळी जागे असणारे. आमचा एक जण दुबईत आहे. इथल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे रात्रीचं शेवटचं टार्गेट वाटप तोच बघतो, आणि तो जगातला सगळ्यात भारी अटॅकर नाही.

आता मर्जर. घाई करू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा: सीडब्ल्यूएलमध्ये तुमचे किती जण उतरवणार, बोनस कोण ठरवणार, आणि तुमच्या खालच्या टाउन हॉलवाल्यांचं काय. क्लॅनमध्ये ५०च्या वर जागा नसते, त्यामुळे त्यांच्याकडे पस्तीस असतील तर तुमचे पंधराच हवे आहेत, बाकीचे पंचवीस वाऱ्यावर. गोल-गोल उत्तरं आली तर तुमच्या दोन जणांना एका लीगसाठी पाहुणे म्हणून तिकडे पाठवा, महिन्याच्या एक तारखेला लीग सुरू होते त्याच्या आधी. आठवड्यात ते परत येऊन सगळं सांगतील. परत आलेच नाहीत, तर क्लॅन चांगला आहे असं समजा आणि मग बाकीच्यांना विचारा.