बेळगावच्या आमच्या शाळेच्या हॉकी संघातला १६ वर्षांचा फॉरवर्ड फक्त डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) थांबून गोल मारतो. त्याला हाफला (मधल्या फळीत) खेळवून सुधारू का?

नको, फॉरवर्डलाच ठेवा, पण बॉल गेल्यावरचं एक काम त्याच्या गळ्यात घाला. गोलची नजर शिकवणं अवघड, प्रेसिंग, म्हणजे बॉल परत मिळवायला समोरच्यावर दबाव टाकणं, शिकवता येतं. बॉल गेला की पहिले ५ सेकंद त्यानं समोरच्या संघाच्या बॅककडे (बचावपटूकडे) वळसा घेत, मधला पास बंद करत, स्टिक जमिनीलगत ठेवून जायचं. सरळ धावला तर बॅक एका टचमध्ये सुटतो. पोरं नेमकी इथंच चुकतात. बदली खेळाडू हवे तितक्यांदा आत-बाहेर करता येतात, तेव्हा ४-५ मिनिटांनी बाहेर घ्या. दमलेलं पोरगं परत डीतच उभं राहणार. सरावात ३ विरुद्ध ३, आणि हिसकावलेल्या बॉलवरचा गोल दुप्पट धरा. मात्र तांबड्या मातीवर बॉल उसळतो. रिसीव्हिंग (आलेला बॉल स्टिकवर थांबवणं) कच्चं असेल तर आधी ते घ्या.